पट्टा थांबेपर्यंत

पारोळ्याला पंचायत समितीच्या हॉलमध्ये
आम्ही सतरा जण, खुर्च्या गोल मांडलेल्या.
मला का बोलावलं, मी विचारलं.
तर म्हणे, कोकिळाताई, तुमच्या गिरणीवर अख्खं गाव येतं.
येतं, पण दळायला येतं,
आणि गिरणी चालू असली की मला
माझंही ऐकू येत नाही.

यावलच्या तडवी मॅडमनी फळ्यावर लिहिलं : ऐकणे.
खाली काहीच लिहिलं नाही.
चहा आला, तरी खाली काही नाही.

मग जोड्या लावल्या. एकाने दुःखी व्हायचं,
दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही.
माझ्या वाट्याला शालिग्राम आप्पा,
एसटीचे रिटायर कंडक्टर. दुःखी व्हायला लाजत होते.
मग म्हणाले, समजा,
समजा एक माणूस पहाटे चारला उठतो,
खाकी शर्टाला इस्त्री करतो,
आणि घडी घालून परत कपाटात ठेवतो.
समजा, दोन वर्षं.

मी पटकन म्हटलं, आप्पा, सकाळी फिरायला जात जा,
नातवंडांत मन रमवा,
अमळनेरला एक चांगला वैद्य आहे.

तडवी मॅडम मागेच उभ्या होत्या.
ताई, त्यांचं धान्य अजून डब्यात आहे,
तुम्ही दळून मोकळ्याही झालात.
सगळे हसले. आप्पाही हसले.
पण जेवताना शेवभाजीचा रस्सा
भाकरीवर ओतून ते नुसते पाहत राहिले.
मी शेजारी बसून होते.
मीठ हवं का, एवढंच विचारलं.

तिसऱ्या दिवशी एक प्रश्न घोकून घेतला.
मरणाचे विचार येतात का तुला,
असं सरळ विचारायचं.
सलूनवाला भटू म्हणाला, मॅडम,
आपण विचारलं नि त्याच्या डोक्यात भरलं तर?
भरत नाही, त्या म्हणाल्या.
असेल तर ते आधीपासूनच तिथे असतं, एकटं.
पंधरा वेळा वदवून घेतलं माझ्याकडून.
जीभ दर वेळी अडखळली,
मरणावर नाही, 'तुला' वर.

नंतर दीड महिना काहीच झालं नाही.
लोक दळण आणत, मी दळून देई.
सर्टिफिकेट मीटरच्या खिळ्याला टांगलेलं,
त्यावर पीठ बसलं.

मग चैत्रातल्या एका दुपारी
सुपडूची बायको चित्रा डबा घेऊन आली.
कळणा दळायचा, म्हणाली.
झाकण काढलं तर आत पीठ.
सकाळी मीच दळून दिलेलं.

आधीची मी असते तर हसले असते.
दिवेलागणीपर्यंत दोन्ही आळ्यांना कळलं असतं,
सुपडूच्या बायकोचं डोकं फिरलं.
मी बटण बंद केलं.

गिरणी लगेच थांबत नाही.
पट्टा फिरत राहतो, दगडाला हळूहळू
आपलं वजन आठवतं.
तेवढ्या वेळात मी पोत्यावर जागा केली.
बठ, म्हटलं. मी आठेच शे.
हॉलमधली भाषा आठवलीच नाही.

ती बसली. बोलली नाही.
मीही नाही.
बोटाने पिठात खड्डा करायची, बुजवायची.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
माय, रात सरता सरस नही.

मग मी विचारलं. तोच प्रश्न.
'तुले' वर अडखळले, पण विचारलं.
तिने मान हलवली.
नाही अशी नव्हे.

आजची रात माझ्या खाटेला लागून तुझी खाट, म्हटलं,
उद्या दोघी धुळ्याला, सिव्हिलला.
पहिली गाडी कितीला, ते आप्पांना विचारू,
चारला ते जागेच असतात.

तेवढ्यात शटरवर थाप.
पुनाजी तात्या, डोक्यावर ज्वारी.
लाइट गेली, मी आतून ओरडले.
डोक्यावर बल्ब लख्ख,
खालच्या फटीतून उजेड त्यांच्या पायांवर पडला असणार.
पोतं उतरवल्याचा आवाज आला,
मग त्यावर बसल्याचा.
बरं, तात्या म्हणाले, येईल.