जोड

आधी भाकरी अडली.
मग पोळीची कड, मग मटणाचा तुकडा,
शेवटी मऊ भातही पाण्याच्या घोटाबरोबर.
हे म्हणायचे, घाईत खाल्लं असेल.
व्हॅनच्या खणात पान्यांशेजारी
ॲसिडिटीच्या औषधाची बाटली, वर्षानुवर्षं,
झाकणाभोवती खडूसारखा वाळलेला थर.

तीस वर्षं ह्यांनी डंडीतले बॉयलर दुरुस्त केले.
आजगावकर कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून अख्ख्या गावाचे हे मिस्टर आज.

कॅमेरा घालताना घशात फवारा मारला,
म्हणे पिकल्या केळ्याचा वास.
पडद्यावर ह्यांनी स्वतःच पाहिलं.
गाडीत बसल्यावर म्हणाले,
क्षार धरलेला पाइप बघितलायस ना? तसं.
टे नदीवर धुकं होतं. पुलाची फक्त अलीकडची टोकं दिसत होती.

डॉक्टर मॅकिनाननं कागदावर नळी काढली, खाली पोट.
ह्यांनी तिचा पेन मागून घेतला.
इथला व्हॉल्व्ह गळका होता, उलटं मारत होता वर.
ती म्हणाली, अगदी तेच. बहुधा वीसेक वर्षं.

वीस वर्षं.
रात्री हे पलंगाच्या कडेला छाती चोळत बसायचे,
मी थंड दूध आणून द्यायची.
दूध प्यायले की झोपायचे.
मला वाटायचं, झालं.

आधी औषधाच्या चार फेऱ्या.
थंड काहीही शिवलं की बोटांत सुया,
थंड घोट घेतला की घशात सुया.
गावाला ऊब पुरवणारा माणूस
हातमोजे घालून फ्रिज उघडू लागला.
दूध मी कोमट करायला शिकले.

मग कापलं. नळीचा बराचसा भाग गेला,
पोटाचीच लांबट नळी करून छातीत वर ओढली.
जोड किती दिवसांत धरतो? ह्यांनी विचारलं.
सहाव्या दिवशी रंग पाजून बघू.
म्हणजे प्रेशर टेस्ट.
ती हसली नाही. मान डोलावली, कारागिराला कारागीर डोलावतो तशी.
मला हे म्हणाले, आता पोटात ठेवायचं ते छातीत ठेवावं लागणार.

नंतरच्या चार फेऱ्यांतल्या दोनच झेपल्या.
अंगठीला आतून दोरा गुंडाळलाय.
पलंगाच्या डोक्याकडे लाकडाचे दोन ठोकळे, ह्यांनीच कापलेले,
रात्रभर आम्ही दोघं उतारावर झोपतो,
सकाळी मी पायथ्याशी सापडते.
मार्चच्या स्कॅननंतर एली नर्स म्हणाली, काही दिसत नाही.
घरी येईपर्यंत हे तेच घोळवत होते.
नाही असं नाही म्हणाली. दिसत नाही म्हणाली.

आज दुपारी फोन. मिसेस गिलंडर्स, बॉयलर ठिबकतोय,
मिस्टर आज आहेत का?
आहेत, म्हटलं.
बशीत चार चमचे भात. दिवसातलं तिसरं जेवण.
फोन खांद्यात धरून हे सांगतायत,
पाव फेरा. आणखी नको. थांबा, बघा.
मधेच एक चमचा तोंडात.
बारीक चावतात, चावतच राहतात.
तिकडे ती थांबली आहे,
इकडे मी, तान्ह्याला भरवताना उघडतं तसं
माझं तोंड उघडं,
घास खाली जाईपर्यंत.