बाबाचं काम

लाइट गेलेली, फोनची बॅटरी एक टक्का,
म्हणून मी गच्चीवर गेलो. एरवी गेलो नसतो.

टाकीच्या सावलीत ईश्वरीनं घर मांडलेलं.
विटांची चूल, झाकणांची भांडी,
बाहुलीला निजवायला भडंगाची रिकामी पिशवी.
स्वतः ती आई. एका हातानं वाळूचा भात ढवळत होती,
दुसऱ्या हातातल्या पावडरच्या आरशात बघून हसत होती,
मग पुन्हा पहिल्यापासून हसत होती.

मगदुमांचा पार्श्व विचारत होता,
बाबाला काय काय करायला लागतंय?
काय नाही, ती म्हणाली, हे धरून बस.
बाहुलीनं हाक मारली की 'हं' म्हण.
तिसऱ्यांदा मारली की 'एक मिनिट'.
चौथ्यांदा ओरड.

त्याच्या हातात साबणाची डबी होती
आणि झाकणावर पिवळे ठसे.
खरी वाटावी म्हणून तिनं
स्वयंपाकघरातनं चिमूटभर हळद आणलेली.

अठरा वर्षं मी मार्केट यार्डात
हळदीच्या सौद्याला उभा राहतोय.
पोत्यात हात घालतो, कांडी मोडतो,
आतला रंग बघून दर बोलतो.
नखं पिवळी ती पिवळीच.
फोनची काच रोज माखते, शैला म्हणते पुसत जा.
पोरीचे गाल मात्र
कसे स्वच्छ आहेत.

मी म्हटलं, मी होऊ बाबा?
बाबा आहे आमच्याकडं, ती म्हणाली.
मग जरा विचार करून,
तुम्ही पाहुणे व्हा.

जिन्यापर्यंत मागं जाऊन
मी हवेतली बेल वाजवली.
झाकणातनं पाणी आलं.
बसा हं, हे जरा कामात आहेत.
पार्श्वनं मान वर केली नाही.
फार छान करत होता तो.
काय म्हणतोय धंदा, मी विचारलं.
हं, म्हणाला.
पुन्हा विचारलं.
हं.
आणि मला, चाळिशी उलटलेल्या माणसाला,
दुसरीतल्या पोराचा
खरोखर राग आला.

तेवढ्यात लाइट आली.
शेजारची मोटर घरघरली,
खाली चार्जरला लावून ठेवलेला माझा फोन
टुंग टुंग करत जागा झाला.
सौद्याचे दर असतील. किंवा कुणाचं तरी गुड मॉर्निंग, संध्याकाळी.

मी अर्धाच उठलो होतो.
ईश्वरीनं माझ्याकडं बघितलंही नाही.
बाहुलीला थोपटत म्हणाली,
झोप गं,
पाहुणे निघाले.