तोंडओळख

आधी गुडघे टेकायचे, ब्रायदा म्हणते.
उभ्या उभ्या कुणाची ओळख होत नसते.

पिझ अरूनाच्या माथ्यावर
ती एकाहत्तर वर्षांचे गुडघे दगडांत रोवते,
भिंग डोळ्याला, नाक जवळजवळ मातीत.
आणि माती तरी केवढी, चिमूटभर,
वाऱ्यानं दोन शिळांच्या फटीत ठेवलेली
आणि मग विसरलेली.

मी वही धरतो. पानं उडू नयेत म्हणून रबर बँड,
पेन्सिल सुतळीनं बांधलेली.
एकतीस वर्षं मी खाली एंगादीनमध्ये केबल कार चालवली,
माणसं वर आणली, माणसं खाली नेली.
पायाखाली काय असतं
ते पेन्शनीत आल्यावर बघतो आहे.

"ही उशी बघ."
मुठीएवढी हिरवी उशी, तिच्यावर गुलाबी ठिपके.
"माझ्याहून वडील असेल.
अहो-जाहो कर तिला, दुरी."

तिच्या पिशवीत एका पाद्र्याच्या वहीची नक्कल आहे.
एकोणीसशे आठचा उन्हाळा,
काळा झगा गुडघ्यापर्यंत खोचून तो इथवर चढला
आणि बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात
अकरा नावं लिहून उतरला.

संध्याकाळपर्यंत आम्ही एकोणतीस मोजली.
मी टाळी वाजवली.
हातमोज्यातली टाळी, आवाजही धड आला नाही.

ब्रायदानं मान वर केली नाही.
"खालून आलीत ही. खाली उकडतंय.
कुरणातलं गवत, गुरांच्या वाटेवरचं डँडेलायन,
दर वर्षी थोडं थोडं चढत.
जी आधीपासून इथली,
त्यांनी कुठे जायचं? वर?"

आम्ही दोघांनी वर पाहिलं.
वर लोखंडी क्रूस होता
आणि क्रूसाच्या वर काही नव्हतं.

पाद्र्याचं सातवं नाव सापडलंच नाही.
बर्फालगतचं बटरकप, पांढरं उमलून
मग लाजल्यासारखं गुलाबी होणारं.
उत्तरेची घळ तीनदा पालथी घातली.
वहीत आकडा वाढला होता,
बेरजेच्या पोटात वजाबाकी निजलेली.

मी डँडेलायनला हात घातला, उपटून टाकावं म्हणून.
तिनं मनगट धरलं.
"त्याचा काय गुन्हा?
तेही जीव मुठीत धरूनच आलंय."

तेवढ्यात एक बाप आणि मुलगा
क्रूसापाशी दगडांची उतरंड रचू लागले, फोटोसाठी.
ब्रायदा गेली. ओरडली नाही.
मुलाला एका उचललेल्या दगडाची जागा दाखवली:
ओलसर वर्तुळ, त्यात अंडी पाठीशी बांधून
सैरावैरा धावणारी एक कोळीण.
बाप घड्याळ बघत राहिला.
मुलानं मात्र एकेक दगड परत नेला
आणि शेवटच्याला विचारलं, कुठली बाजू वर?
"शेवाळाची."
हा प्रश्न मला साठ वर्षांत सुचला नव्हता.

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा चढलो,
जमिनीत पुरलेले तापमापक काढायला.
बर्फ अजून आलेला नव्हता.
तपकिरी दगड, तपकिरी गवत,
आणि मधोमध एक हिमतितर,
अंगभर पांढराशुभ्र.
त्यानं आपली तारीख पाळली होती.

दोनशे पावलांवरून कुणीही ओळखलं असतं त्याला.
आम्ही. कोल्हा. वर घिरट्या घालणारा गरुड.
तो हलत नव्हता. आपण दिसत नाही
अशी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री.

मी वही उघडली. ब्रायदानं ती मिटली.
आणि मग आम्ही, ज्यांनी उन्हाळाभर
गुडघे सोलून नावं शोधली,
पाठ फिरवून, हळू,
ओळख न दाखवता खाली उतरलो.