डावा कान

मार्च सरत आला तरी
थंडर बेच्या धक्क्याला बर्फ चिकटून होतं.
वेन टर्कोट गेला, हे आम्हाला कळलं
बेकरीच्या रांगेत.

संध्याकाळी त्याच बारमध्ये जमलो.
गव्हाच्या कोठारांवरचे कामगार, रात्रपाळीच्या दोन नर्स,
आणि लोरेन, जिनं एकदा त्याला बाटली फेकून मारली होती.
सगळ्यांत आधी तीच रडली.

स्टेजवर त्याची गिटार.
कोपर घासून घासून रंग उडालेला,
लाकूड उघडं, उंबऱ्यासारखं झिजलेलं.
दुसरी तार जराशी उतरलेली;
कुणीतरी खुंटी पिळायला गेलं.
“हात लावू नकोस,” लोरेन म्हणाली,
“ती तशीच असायची.”

म्हातारा आर्वो तीस वर्षं
उजवीकडच्या स्पीकरला खेटून उभा राहिलेला.
डावा कान पार गेलाय.
डॉक्टर म्हणतात, यंत्र लाव.
“कशाला? आत तो वाजवतोय अजून.”

कुणी हसलं नाही.
मग एकेक जण उठला,
वेनला सांगायचं राहून गेलेलं
आर्वोच्या त्या कानात सांगून आला.
लोरेनला बराच वेळ लागला.

मी एवढंच म्हटलं:
तुझे ऐंशी डॉलर
अजून माझ्याकडे आहेत.