पोस्टर क्रमांक सदतीस

पणजीच्या परिषदेत मला जागा मिळाली
चहाच्या पिंपाशेजारी.
टेबलासारखा आडवा पडदा, त्यावर चोडणचं खाजन:
बांध हिरवा, नदी निळी, खार चढेल तसा लाल.
बोट सरकवलं की महिना बदलतो,
ठिपका दाबला की त्या दिवसाची क्षारता उघडते.
माणशी चार मिनिटं.
एकाने विचारलं, हा लाल जरा सौम्य करता येईल का?
एकाने जानेवारीवर कप ठेवला
आणि बोलत राहिला दुसऱ्याच कुणाशी.

रविवारी तोच पडदा चादरीत गुंडाळून
रायबंदरला फेरीबोटीत चढवला.
रिकामी पाटी उलटी घालून बसलेली मासळीवाली म्हणाली,
"टीव्ही कितल्याक पडलो गो?"
टीव्ही नव्हे, संशोधन आहे, म्हटलं.
"मागीर सवाय मेळ्ळो आसतलो."

इथे बांधाच्या दाराला मानस म्हणतात.
मी मराठी शाळेतली,
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मनाबद्दल बोलताहेत.
फार चुकले नव्हते.
भरती आली की आपणच मिटतं,
सुकती लागली की आपणच उघडतं,
आणि मिटलेलं असतानाही
फळ्यांच्या सांध्यांतून थोडं खारं झिरपतंच.

दियोगबाबांचा जन्म गेला त्या दारावर.
चपला काढून ते पडद्यापुढे उभे राहिले,
तर्जनी टेकवली.
काही नाही.
शर्टाला पुसून पुन्हा टेकवली.
काही नाही.
दोर ओढून, कालवं फोडून
त्या बोटाचं खूर झालेलं,
काचेला ते बोट वाटेना.
मी घाईघाईने सॉफ्टवेअरला दोष देऊ लागले,
तोवर त्यांनी नातीला हाक मारली होती.
लिझान, सहा वर्षांची.
तिचं बोट पेन्सिलीसारखं धरून
त्यांनी जून फिरवला, जुलै, ऑगस्ट,
पुन्हा मागे जून.
"हांगा उमास खंय दिसता?"
मी तारखा दाखवल्या.
"उदक तारीख वाचना, बाय."

त्या रात्री आडवा अक्ष पुसला.
तारखांच्या जागी चंद्राचे दिवस मांडले,
प्रतिपदेपासून, हाताने, पंचांग शेजारी ठेवून.
वर्षभर मोहरीसारखे सांडलेले ठिपके
सरकत सरकत जागेवर बसले:
पुनवेला एक उंचवटा, उमाशीला दुसरा,
मधे अष्टमीचा खोलगा.
तीन प्रकरणांत मी ज्याला गोंगाट म्हटलं होतं
तो ताल होता.
पहाटेचे साडेतीन वाजलेले,
सांगायला कुणी जागं नव्हतं.

एकच ठिपका बाहेर राहिला.
ऑक्टोबर, सप्तमी. भरती लहानशी,
तरी खार सगळ्या शेतभर.
सेन्सर बिघडला असावा, असं समासात लिहिलं
आणि तरीही विचारायला गेले.

दियोगबाब जाळं विणत होते, थांबले नाहीत.
ओंडका अडकला असणार दारात, म्हणाले.
रोज रात्री कंदील घेऊन बघायला जायचो.
त्या रात्री बांबोळीला होतो,
इस्पितळात, एर्मीनच्या उशाशी.
दोन गाठी मारून झाल्या.
दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आलो
तेव्हा वाफे पांढरे पडले होते म्हणे.
मी पाहिले नाहीत.

सेन्सर ठीक होता.

आता पोस्टर नवं आहे. लाल थोडा सौम्यही केलाय.
कुठलाही ठिपका दाबा, खिडकी उघडते:
क्षारता, भरतीची उंची, वारा.
त्या एकाला मी काही जोडलेलं नाही.
दाबला तर नुसता थोडा मोठा होतो
आणि बोट उचलेपर्यंत
तसाच राहतो.