दफ्तरी

माझे वडील, लटारी भैसारे,
सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या ग्रंथालयात दफ्तरी होते.
वकिलांना वाटायचं, शिपाई.

इतवारीतून बाभळीचा डिंक आणायचे,
रात्रभर भिजत घालायचे चिमूटभर मोरचूद टाकून.
"कायद्याले कसर लवकर लागते, माय,"
म्हणायचे, आणि एकटेच हसायचे.

काम एवढंच: छापील पट्ट्या येत,
जुन्या ओळीवर नवी ओळ डकवायची,
वरून रूळ फिरवायचा,
आत हवा राहू द्यायची नाही.

सत्त्याहत्तर उजाडताना गठ्ठाच आला.
इतक्या पट्ट्या, की पुस्तक मिटेना,
सुजल्या पायासारखं टेबलावर पडून राहिलं.
त्याच आठवड्यात गोळीबार चौकातून
पार्बता हेडाऊ आमच्या घरी आली.
नवरा दौलत, हातमागाचा माणूस,
अकरा महिने वर्धा रोडच्या जेलात.
आरोप नाही, तारीख नाही.
दारातूनच म्हणाली,
"भाऊ, तुमच्या पुस्तकात याईच्यासाठी काही आहे का?"

वडिलांनी घरची फाटकी प्रत काढली,
एकविसाव्या कलमावर बोट ठेवलं.
होतं ते. जसंच्या तसं.
त्याच्यावर कुणी काही डकवलं नव्हतं.
कुलूप पुढे होतं, तीनशे एकोणसाठपाशी.
"आहे," ते म्हणाले, "पण सध्या चालू नाही."
नळाबद्दल सांगतात तसं.

पार्बताकाकूनं चहा घेतला नाही.

मग निवडणूक झाली, गुलाल उडाला,
दौलतकाका परत आले, उजवा खांदा उतरलेला,
मागावर पुन्हा कधी बसले नाहीत.
चौकात भाषणं झाली. वडील गेले नाहीत.
"सरकार एका रात्री पडते.
पट्टी ओल्या फडक्यानं सोडवा लागते."

दोन वर्षं लागली त्याला.
एकोणऐंशीचा जून, कूलरमधला वाळा करपलेला,
आणि ते एकेक पट्टी भिजवत बसलेले.
खालची ओळ सापडायची, पण पिवळी,
काही अक्षरं तर पट्टीला चिकटूनच निघाली.
'अंतर्गत अशांतता' गेली, 'सशस्त्र उठाव' आला.
एकविसाला यापुढे कुलूप लागणार नाही,
त्या पट्टीवर त्यांनी रूळ दोनदा फिरवला.
तिसऱ्यांदाही, मला वाटतं.

एक पट्टी उरली.
बावीसची. खटल्यावाचून माणूस किती दिवस ठेवायचा:
तीन महिन्यांच्या जागी दोन.
संसदेनं मंजूर केलेली, सही झालेली.
लागू कधी? सरकार ठरवील त्या तारखेला.
ग्रंथपाल म्हणाले, तारीख येऊ द्या,
तोवर ठेवा बाजूला.

वडिलांनी ती तपकिरीच्या डबीत ठेवली.
सरकारं आली. ज्यांनी जेल भोगली तेही आले.
दौलतकाका रस्त्यात भेटले की विचारायचे,
"लागली का बे, लटारी?"
पुढे पुढे नुसती भुवई उचलायचे.
निवृत्तीच्या दिवशी रूळ, कात्री, ब्रश
वडिलांनी यादीप्रमाणे जमा केले.
डबी यादीत नव्हती.

आता ती माझ्याकडे आहे.
पट्टी बोटभर, कडा तपकिरी,
अजून कशालाच न चिकटलेली.
डिंकाचे खडेही आहेत ओट्याखाली,
दर उन्हाळ्यात आणखी कडक होतात.
मी भिजत घालत नाही.
तारीख आलीच,
तर एक रात्र पुरते.