कडी

बाथरूमची कडी आतून लावायची नाही,
हे डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं.
खाली दुसरी ओळ : गाडी चालवायची नाही, सहा महिने.
तिसरी : गॅसपाशी एकटीनं उभं राहायचं नाही.
पोहायचं नाही, असंही होतं. पोहायला मला येतच नाही,
म्हणजे एक गोष्ट तरी मी पूर्ण पाळते.

झालं ते पद्मावतीच्या पेट्रोल पंपावर.
रांगेत गाडी स्टँडला लावली, सीट उचलायला वाकले.
यापुढचं माझं नाही, लोकांनी सांगितलेलं आहे :
डोळे वर गेले, दात आवळले,
कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी कांदा आणायला पळालं,
आणि एकानं माझ्याच गाडीची किल्ली
माझ्या मुठीत कोंबली, लोखंड धरलं की उतरतं म्हणून.
शुद्धीवर आले तेव्हा ती तळहातात रुतली होती.
खूण आठवडाभर राहिली.
किल्ली ह्यांनी त्याच संध्याकाळी
देवघराच्या ड्रॉवरमध्ये टाकली, वातींच्या खाली.

गोळ्यांच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो.
उलगडत गेलं की रुमालाएवढा होतो, अक्षरं मुंगीएवढी.
पतसंस्थेत व्हाउचरं तपासणारी बाई मी,
पण तो वाचला पंपावरून आल्यावर.
झटका : हजारात एकाला.
आई मला दाखवायची तेव्हा पाहुण्यांना म्हणायची,
'हजारात एक आहे हो आमची वसुधा.'
खरं झालं तिचं, सोळा वर्षांनी.

परचुरेकाकू म्हणतात, रोगापेक्षा इलाज भयंकर.
काकूंनी रोग पाहिलेला नाही.
त्यांना दिसायचं ते बंद दार. दाराच्या आत
मी अकरा महिने एका कुशीवर होते.
निनाद शाळेतून येऊन स्वतःच डबा घासायचा,
मग उशीपाशी येऊन विचारायचा,
आई, आज सांगशील का काहीतरी?
शब्द होता. तो जिभेपर्यंत आणायला कुणी नव्हतं.
मग ही गोळी. सहाव्या आठवड्यात फोडणी दिली
आणि मोहरी तडतडली, ती मला ऐकू आली.
डोस वाढवला. अजून बरं वाटलं.
दिवा लावायला आलेली वीज
एकदा अंगावर आली, एवढंच.

आता डोस अर्धा, जोडीला दुसरी गोळी.
तिचाही कागद आहे. तो मी आधी वाचला.

हे पावणेसहाला चाकणच्या बसनं जातात.
आंघोळीला मी, दाराबाहेर निनाद, वय नऊ.
पाणी पडतंय तोवर मी पाढे म्हणायचे, असं ठरलंय.
पाढा थांबला की त्यानं दार ढकलायचं,
कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही,
घड्याळ बघायचं, काकूंची बेल वाजवायची.
शुद्धलेखनाच्या वहीत हे त्यानं उतरवून घेतलंय,
'कुशीवर'ची वेलांटी चुकवून.

काल, डोळ्यांवर साबण,
सतरा साते म्हणाले आणि थांबले.
झटका नव्हता.
तोटी बंद केली होती, बादली गप्प,
आणि कितीतरी दिवसांनी मला एकटं वाटलं,
ते अकरा महिन्यांतलं नाही, चांगलं एकटं.
कुणी मोजत नाहीये असा एक श्वास घ्यावा म्हटलं.
घेतलाही असेल अर्धा.

दार बोटभर हललं.
फटीतून आवाज, घाबरलेला, तरी मास्तरासारखा :
'एकशे एकोणीस.'
'माहितेय मला.'
'मग म्हण ना पुढं.'
सतरा आठे एकशे छत्तीस, मी म्हणाले,
सतरा नव्वे, आणि तोटी सोडली.

दुपारी केस विंचरताना पाहिलं,
आतल्या कडीवर चिकटपट्टी गुंडाळलेली,
त्याच्या प्रोजेक्टमधली, हिरवी,
चार-पाच वेढे, दातांनी तोडलेली.